निकोटिनचा गम ‘लागू पडला नाही’ म्हणण्याआधी डोस तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिगारेट सोडण्याविषयी वर्तमानपत्रांतून जे सल्ले छापून येतात, त्यांचा सगळा भर मनाच्या निग्रहावर असतो. ‘ठरवलं की सुटते’ हे त्यातले ठरलेले वाक्य. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि समुपदेशक म्हणून आमची या वाक्याला हरकत आहे. औषध आणि मदत न घेता सोडायला निघालेल्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे जेमतेम तीन ते पाच असतात. बाकीच्यांची खात्री होते की आपणच मनाने कच्चे आहोत, आणि ते पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. दुसरा एक मोठा गट असतो तो निकोटिनचा गम किंवा पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) वापरून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांचा. त्यांच्याकडे नीट चौकशी केली की बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते: डोस कमी होता, औषध लवकर थांबवले, किंवा ते घ्यायची पद्धत चुकली. हे तिन्ही टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. तिथल्या पेशींवर त्याला चिकटायला ठराविक जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. निकोटिन त्यांना चिकटते, डोपामिन हे मेंदूतले रसायन सुटते आणि बरे वाटते. रक्तातले निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येते, आणि तलफ पुन्हा डोके वर काढते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्याही वाढलेली असते. रात्रभराच्या झोपेत त्या रिकाम्या होतात. म्हणूनच उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते, हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दिवसाला किती ओढता, हा त्याच्या खालोखाल. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असे धरावे. पाच मिनिटांत लागत असेल तर फारच जास्त. अशा माणसाला ‘मन घट्ट करा’ एवढेच सांगून पाठवणे हा उपचार नव्हे.

‘एक व्यसन सोडून दुसरे कशाला धरायचे?’ ही शंका जवळपास प्रत्येकजण विचारतो. निकोटिनची सवय लागते, ते नाडीचे ठोके आणि रक्तदाब थोडा वाढवते, त्यामुळे ते निरुपद्रवी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जीव घेतो तो धूर. जळत्या तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात, त्यांतली निदान ७० कर्करोगाला कारण ठरतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. गममध्ये किंवा पॅचमध्ये यातले काही नाही. आणखी एक फरक वेगाचा. सिगारेटचे निकोटिन मेंदूवर एकदम आदळते, आणि चटक लागते ती त्या आदळण्याची. पॅचमधले निकोटिन कातडीतून तासन्‌तास हळूहळू झिरपते, गममधले तोंडाच्या अस्तरातून मिनिटामिनिटाने. म्हणून या औषधांनी तलफ बोथट होते, पण झुरक्याची मजा मिळत नाही. ‘सिगारेटसारखे वाटत नाही’ ही तक्रार खरी आहे, आणि तसे वाटू नये हाच हेतू आहे.

गमचा उगमही बोलका आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातले संशोधक क्लास लुंडग्रेन यांच्या ध्यानात आले की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही तेव्हा खलाशी तंबाखू चघळून दिवस काढतात. ही गोष्ट त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ऊवे फेर्नो यांना कळवली आणि त्यातून निकोटिनचा गम तयार झाला. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, एवढे एकच तत्त्व त्यामागे आहे. गम वापरताना नेमके तेच विसरले जाते.

लोक गम साध्या च्युइंगमसारखा भराभर चावतात. त्यामुळे निकोटिन एकदम सुटते, लाळेबरोबर गिळले जाते आणि पोटात जाते. पोटातून शोषलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृतातच मोडतो, म्हणजे मेंदूपर्यंत पुरेसे पोचतच नाही. वर उचक्या लागतात, मळमळते, छातीत जळजळते, घसा खवखवतो. माणूस दुसऱ्या दिवशी पाकीट फेकून देतो आणि सांगतो, गम सोसला नाही. खरी रीत अशी: गम तोंडात टाकल्यावर अगदी सावकाश चावा. थोड्या वेळात मिरीसारखी तिखट चव येते किंवा हिरडीला चुणचुण लागते. तिथे चावणे थांबवा आणि गम गाल व हिरडी यांच्या मध्ये सरकवून ठेवून द्या. चुणचुण विरली की पुन्हा चार-सहा वेळा चावा, आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असे सुमारे अर्धा तास चालते. नंतर चावूनही चुणचुण येत नाही, म्हणजे गममधले औषध संपले. लाळ शक्यतो गिळू नका. गम घेण्याआधी १५ मिनिटे आणि गम तोंडात असताना काहीही खाऊ-पिऊ नका, विशेषतः कॉफी, फळांचा रस आणि शीतपेये. त्यांनी तोंडात आम्लता वाढते, आणि आम्लात निकोटिन अस्तरातून आत शिरत नाही. दातांची कवळी असणाऱ्यांना गम चिकटतो. त्यांनी लॉझेंज, म्हणजे तोंडात विरघळणारी निकोटिनची गोळी घ्यावी. ती चावायची नाही, गिळायची नाही, एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत २० ते ३० मिनिटे विरघळू द्यायची.

आता मात्रेचा हिशेब. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जाते. दिवसाला वीस ओढणारा म्हणजे २० ते ३० मिलिग्रॅम घेणारा झाला. २ मिलिग्रॅमच्या गममधून नीट चावूनही जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. या माणसाने दिवसभरात तीन-चार गम खाल्ले तर त्याला नेहमीच्या निकोटिनचा फार तर पाचवा हिस्सा मिळाला. त्याची तलफ शमली नाही यात नवल ते काय? पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम किंवा लॉझेंज घ्यावी, त्याहून उशिरा लागत असेल तर २ मिलिग्रॅमची. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. गमची दिवसाची कमाल मर्यादा सहसा २४ आणि लॉझेंजची २० असते, तरी आपल्या पाकिटावर जी छापलेली असेल ती पाळावी. तलफ अनावर होईपर्यंत थांबू नका. गमचा परिणाम जाणवायला काही मिनिटे जातात, म्हणून घड्याळ लावून वेळेवर घ्यावा हे बरे.

पॅचचे काम वेगळे. तो दिवसभर एक पातळी राखतो. दिवसाला दहाहून जास्त सिगारेट ओढणाऱ्यांनी २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे लावायचा. दहा किंवा त्याहून कमी ओढणाऱ्यांनी १४ पासून सुरुवात करून सहा आठवड्यांनी ७ वर यायचे आणि तिथे दोन आठवडे राहायचे. हे चोवीस तासांच्या पॅचचे आकडे आहेत. सोळा तासांचे पॅचही मिळतात, त्यांची मात्रा वेगळी असते. पॅच सकाळी, कोरड्या, स्वच्छ, केस नसलेल्या जागी लावावा: दंडाच्या वरच्या भागावर, छातीवर किंवा पाठीवर. त्या जागी आधी क्रीम किंवा तेल लावलेले नको, नाहीतर दुपारपर्यंत कडा सुटतात. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा आणि हात धुवा, कारण बोटांना लागलेले निकोटिन डोळ्यात गेले तर झोंबते. रोज जागा बदला. तीच जागा आठवडाभर पुन्हा नको. लालसरपणा आणि थोडी खाज चालते, फोड किंवा पुरळ उठले तर डॉक्टरांना दाखवा. पॅच कापू नका. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने निकोटिन जास्त वेगाने आत जाते. एमआरआय असेल तर काढून ठेवा, काही पॅचच्या पाठीत धातूचा थर असतो. रात्री विचित्र स्वप्ने पडू लागली, झोप मोडू लागली, तर झोपताना पॅच काढून सकाळी नवा लावावा. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरलेले असते, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

पॅच आणि गम एकत्र घेऊ नयेत, हा गैरसमज रुग्णांना फार महागात पडलेला आम्हाला दिसतो. उलट, दोन्ही मिळून घेतल्याने एकट्या-दुकट्या औषधापेक्षा यश जास्त मिळते. पॅच पाया राखतो. जेवणानंतर, भांडणानंतर, फोन ठेवल्यावर जी अचानक उसळते ती तलफ गम किंवा लॉझेंज सांभाळते. पॅच लावणाऱ्याने गम गरजेपुरताच घ्यावा, वर सांगितलेल्या एकट्या गमच्या वेळापत्रकाने नव्हे. डोस जास्त झाला की कमी, हे ओळखायची खूण सोपी आहे. मळमळ, चक्कर, धडधड, गार घाम ही जास्त झाल्याची लक्षणे. चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणे, सारखी भूक ही कमी पडल्याची. दुसऱ्या यादीतली लक्षणे असताना ‘औषधाचा त्रास होतो’ म्हणून ते बंद करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना खरे तर ते वाढवून हवे असते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्यांत व्हॅरेनिक्लिन सर्वांत परिणामकारक. ज्या ग्राहींना निकोटिन चिकटते त्यांनाच ही गोळी चिकटते आणि कुलपात किल्ली अर्धी फिरवून ठेवावी तसे काम करते: थोडे डोपामिन सुटत राहते म्हणून तलफ कमी, आणि जागा अडलेली असल्याने सिगारेट ओढली तरी तिची लज्जत येत नाही. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायचा दिवस सहसा दुसऱ्या आठवड्यात ठरवतात, म्हणजे गोळी सुरू झाल्यावर पहिला आठवडा सिगारेट चालू राहिली तरी घाबरायचे कारण नाही. साधारण तिघांत एकाला मळमळते. उपाशीपोटी घेतली की हमखास. पोटभर खाल्ल्यावर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घेतली तर बहुतेकांचे निभते. तरी जमेना तर डॉक्टर डोस कमी करतात. स्वप्नांचा त्रास असेल तर संध्याकाळची गोळी लवकर घ्यावी. मूत्रपिंडांचे काम फारच मंदावले असेल तर डोस निम्मा लागतो. या औषधाने मन बिघडते अशी भीती बरीच वर्षे होती. ८,००० हून अधिक लोकांवरची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता, तरी गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावरचा ठळक चौकटीतला इशारा काढायला लावला. तरीही मनःस्थितीत अचानक बदल जाणवला तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. मद्याचा अंमल या गोळीबरोबर नेहमीपेक्षा जास्त चढू शकतो, हेही सांगून ठेवतो.

ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचे औषध. तीन दिवस १५० मिलिग्रॅम एकदा, नंतर दोनदा, दोन गोळ्यांत निदान आठ तासांचे अंतर, आणि सोडायच्या दिवसाआधी एक-दोन आठवडे सुरुवात. ज्यांना फेफरे येते किंवा पूर्वी आले होते त्यांना ते देत नाहीत. खाण्याचे विकार असलेल्यांना आणि मद्य किंवा झोपेच्या गोळ्या नुकत्याच एकाएकी बंद केलेल्यांनाही नाही. वनस्पतीपासून मिळणारे सायटिसिन काही देशांत वापरले जाते, त्याचा जुना ठरलेला क्रम २५ दिवसांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांनी तंबाखू सोडण्यासाठीची पहिली उपचार मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्हॅरेनिक्लिन, निकोटिनची पर्यायी औषधे (गम, पॅच, लॉझेंज वगैरे), ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या चारही उपचारांची शिफारस आहे. ई-सिगारेट या यादीत नाही. ती कित्येक देशांत बेकायदा आहे, आणि अनेकजण सिगारेट व ई-सिगारेट दोन्ही ओढत राहतात. औषध म्हणून आम्ही तिचे नाव घेत नाही.

औषधांच्या पाकिटावर सहसा न लिहिलेली एक गोष्ट आहे, आणि ती न कळल्याने प्रयत्न फसतात. धुरातला टार यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) जास्त काम करायला लावतो, त्यामुळे काही पदार्थ शरीरातून लवकर बाहेर पडतात. सिगारेट बंद झाली की काही दिवसांतच हा वेग मंदावतो. पूर्वीइतकीच कॉफी घेतली तरी रक्तातले कॅफीन सुमारे दुप्पट होऊ शकते. हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते, आणि माणसाला वाटते की सिगारेट सोडल्यानेच हे होते आहे. सोडायच्या दिवसापासून कॉफी निम्म्यावर आणावी. हेच क्लोझापिन, ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या आणि थिओफिलिन या दम्यावरच्या औषधांना लागू आहे. त्यांची रक्तातली पातळी वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकते. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर अधिक वेळा पाहावी. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा असल्यामुळे पॅच लावल्याने तो टळत नाही. म्हणून सोडायची तारीख ठरली की आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.

हृदयविकार स्थिर असलेल्यांना निकोटिनची पर्यायी औषधे सहसा देता येतात, कारण तुलना सिगारेटशी करायची असते. गेल्या दोन आठवड्यांत झटका आला असेल, छातीत दुखणे वाढत असेल किंवा ठोके गंभीररीत्या अनियमित असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गरोदरपणात पहिला उपाय समुपदेशन. निकोटिनचा पर्याय लागलाच तर तो डॉक्टर ठरवतील, आणि व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन टाळतात.

त्रास सर्वाधिक असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि दोन ते चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. पहिल्या आठवड्यात खोकला वाढू शकतो, बद्धकोष्ठता होते, तोंडात छाले येतात. घरच्यांनाही हे आधी माहीत असावे, म्हणजे चिडचिडीचा अर्थ भलता लावला जात नाही. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. त्या भीतीने पहिल्याच महिन्यात कडक आहार सुरू केला तर भूक आणि तलफ यांतला फरक कळेनासा होतो. आधी सिगारेट, मग वजन.

आणि मध्येच एखादी ओढली गेली तर? पॅच काढू नका, गोळी थांबवू नका. ‘पॅचवर सिगारेट ओढली की हृदयाचा झटका येतो’ ही ऐकीव भीती एवढी पसरली आहे की लोक पहिले काम पॅच काढायचे करतात, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण पाकीट संपते. एक सिगारेट ओढली गेली याचा अर्थ त्या वेळी डोस कमी पडला किंवा प्रसंग अवघड होता. वेळ, जागा आणि सोबत कोण होते ते लिहून ठेवा आणि समुपदेशकाला त्याच दिवशी फोन करा. भेटींचे वेळापत्रकही त्यासाठीच असते: सोडण्याआधी एकदा, पहिल्या आठवड्यात एकदा, मग दुसऱ्या, चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र असेल तर प्रत्येक भेटीत फुंकर मारून पाहावे. धूर थांबल्यावर एक-दोन दिवसांत आकडा एक अंकी होतो, आणि तो डोळ्यांनी पाहिल्यावर रुग्णाला जो हुरूप येतो तो आमच्या तासाभराच्या बोलण्याने येत नाही.

औषधाचे ठरलेले आठवडे पूर्ण होण्याआधी ‘आता बरे वाटते’ म्हणून औषध सोडणे ही शेवटची मोठी चूक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरे वाटते ते औषध चालू असते म्हणून.

संपादक महोदय, दरवर्षी ३१ मे रोजी, तंबाखूविरोधी दिनाच्या अंकात काळवंडलेल्या फुफ्फुसांचे छायाचित्र बहुतेक वर्तमानपत्रे छापतात. ओढणाऱ्याला ते तोंडपाठ असते. यंदा त्या जागेवर पहिल्या सिगारेटच्या वेळेनुसार गमची मात्रा, पॅचचे दहा आठवड्यांचे वेळापत्रक आणि गम गालात ठेवण्याची रीत छापावी, अशी आमची विनंती आहे. मजकूर तपासून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

आपले,
सिगारेट सोडू पाहणाऱ्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि समुपदेशक